छातीवरचा कॅमेरा आणि मोडलेला हात: विसर्जनाच्या रात्रीचं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गणेश विसर्जनाच्या रात्री पोलिसाच्या लाठीने एका तरुणाच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. चौकातल्या बंदोबस्तात तिघांच्या छातीवर कॅमेरे होते. दुसऱ्या दिवशी गुन्हा मात्र तरुणावर दाखल झाला. हवालदाराची कॉलर धरली, अंगावरचा कॅमेरा तोडला, सरकारी कामात अडथळा आणला, असा आरोप. मारलं की नाही यावर पुढे फारसा वाद झालाच नाही. चित्रीकरण कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि किती दिवस टिकणार आहे, यावरच सगळं अडलं.

मी तरुणाच्या बाजूने उभा राहिलेला वकील आहे, तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवरचा. वाचताना तेवढी वजावट करावी. नावं दिलेली नाहीत. गाव, पदं आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम बदललेला नाही.

पार्श्वभूमी

पोलिसांच्या बळाच्या वापराबद्दल मराठवाड्यात कोणालाही नव्याने सांगावं लागत नाही. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. आधी दगड आला की आधी लाठी पडली, हा वाद महिनोन् महिने चालला, आणि शेवटी गृहखातं सांभाळणाऱ्या उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेवरून हिंसाचार झाला, आणि त्यानंतर न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्यात गुन्हा दाखल करा, हे सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ लागलं. आमचं प्रकरण त्या मानाने किरकोळ. कोणी मेलं नाही, वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. पण 'आधी दगड की आधी लाठी' हा प्रश्न इथेही तोच होता, आणि अंगावरचा कॅमेरा येतो तो याच प्रश्नाचं उत्तर द्यायला.

कायद्याची स्थिती थोडी विचित्र आहे. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा परमवीर सिंग सैनी प्रकरणातला २ डिसेंबर २०२० चा निवाडा आहे. कॅमेरे कुठे लावायचे, आवाज आणि रात्रीचं दिसलं पाहिजे, चित्रीकरण १८ महिने आणि अगदीच नाही जमलं तरी किमान वर्षभर ठेवायचं, देखभालीची जबाबदारी ठाणे प्रमुखाची, वर जिल्हा पातळीवर देखरेख समिती. सगळं लिहून ठेवलेलं आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. अंगावरच्या कॅमेऱ्याबद्दल मात्र या संहितेत एक ओळ नाही. तो कधी सुरू करायचा, कधी बंद करायचा, त्यातलं किती दिवस ठेवायचं, ज्याच्यावर लाठी चालली त्याला ते बघायला मिळणार का, हे सगळं त्या-त्या ठिकाणच्या आदेशांवर आणि खरं सांगायचं तर यंत्र विकणाऱ्याने बसवून दिलेल्या सेटिंगवर चालतं.

या ठाण्यात कॅमेरे मुद्देमाल कक्षाजवळच्या कपाटात एका पेटीत चार्जिंगला लावून ठेवत. बंदोबस्त लागला की ठाणे अंमलदार नोंदवहीत बक्कल नंबर लिहून वाटप करायचा. परत आल्यावर पेटीत खोचले की चित्रीकरण आपोआप ठाण्यातल्या संगणकावर उतरायचं आणि तीस दिवसांनी आपोआप पुसलं जायचं. पुसू नये म्हणून फाईलवर खूण करता येत होती. ती खूण करायची कोणी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्री

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा देशभरचा नियम आहे. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते आणि अनंत चतुर्दशी त्यात असते. त्यामुळे बाराच्या ठोक्याला डीजे बंद करणं हा दरवर्षीचा तणावाचा क्षण. पोलिसांना वरून फोन येत असतात, मंडळांना अजून दोन गाणी हवी असतात.

हवालदार पहाटे सहापासून उभा होता. दहा दिवसांच्या बंदोबस्ताचा शेवटचा दिवस. बारा वाजायला सात मिनिटं असताना मारुतीच्या चौकात ट्रॅक्टरची ट्रॉली अडली. तरुण त्या मंडळाचा, वय बावीस. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. मराठवाड्यात हे ऐकून कोणी भुवई उंचावणार नाही. इथे पहाटे रस्त्याकडेला धावणारी निम्मी पोरं त्याच तयारीत असतात. त्याचं म्हणणं: साहेबांनी बंद करा म्हटलं, म्हणून मी जनरेटर बंद करायला ट्रॉलीकडे वळलो, तेवढ्यात लाठी आली. हवालदाराचं म्हणणं: जमावातून बाटली आली, हा पोरगा अंगावर आला, कॉलर धरली, कॅमेरा ओढून तोडला, म्हणून सौम्य बळाचा वापर करावा लागला.

तरुणाला ठाण्यात आणलं. दोनेक तासांनी पोलिसांनीच ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथल्या कागदावर लिहिलं गेलं: 'पडल्याने मार, हाताला सूज.' सांगणारा कोण, तर सोबतचा पोलीस. सकाळी भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ चा, म्हणजे जुन्या ३५३ चा, गुन्हा दाखल झाला आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, म्हणजे बोलावल्यावर हजर राहण्याची, नोटीस देऊन त्याला सोडलं. वडिलांनी त्याला थेट जिल्हा रुग्णालयात नेलं. तिथे एक्स-रे निघाला. कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूचं, उलना, मधोमध मोडलं होतं; दुसरं शाबूत.

हा तपशील महत्त्वाचा आहे. एकट्या उलनाचं असं मोडणं अस्थिरोगतज्ज्ञांमध्ये 'नाईटस्टिक फ्रॅक्चर' म्हणून ओळखलं जातं. नाईटस्टिक म्हणजे पोलिसाचा दंडुका. डोक्यावर येणारा फटका चुकवायला माणूस हात वर करतो तेव्हा नेमकी तीच बाजू पुढे येते. पडताना माणूस सहसा तळहात टेकतो, तेव्हा मोडतं ते बहुतेक मनगटाजवळ. पुरावा म्हणून हे एकटं पुरेसं नाही, पण 'पडल्याने मार' या नोंदीला तडा द्यायला पुरेसं होतं.

अडचण

वडील पहिल्यांदा भेटले तेव्हा कॅमेऱ्याचा विषयही त्यांनी काढला नाही. "वकीलसाहेब, हात दुरुस्त व्हईल. पण पोराची भरती हाय, गुन्हा निघला पायजे बस." चारित्र्य पडताळणीत कलम १३२ दिसलं की काय होतं, हे त्यांना शेजारच्या गावातल्या एका मुलावरून माहीत होतं.

हीच या प्रकरणाची खरी गाठ होती. हवालदारावर कारवाई मागायची तर ज्या खात्यात मुलाला नोकरी हवी त्याच्याशी वैर. गप्प बसायचं तर गुन्हा डोक्यावर. ठाण्यातूनही सूचक निरोप आला होता: मुलगा ट्रॉलीवरून पडला असं लिहून द्या, आम्हीही पुढे बघू. हा निरोप आणणारा गावातलाच प्रतिष्ठित माणूस होता आणि त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. अशी तडजोड इथे नवी नाही. तिची अडचण एवढीच की कलम १३२ चा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पोलीस फार तर समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतील, तो स्वीकारायचा की नाही हे न्यायदंडाधिकारी ठरवणार. म्हणजे आपण आपला पुरावा आज सोडायचा आणि बदल्यात मिळणार फक्त उद्याचा शब्द.

घड्याळही चालू होतं. तीस दिवसांनी चित्रीकरण पुसलं जाणार, हे ठाण्याबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ते कळलं एका निवृत्त हवालदाराकडून, चहाच्या टपरीवर, दुसऱ्याच विषयावरून बोलताना.

समोरचे मार्ग

एका मित्राने मोबाईलवर वीस-एक सेकंदांचं चित्रीकरण केलं होतं. ते सगळीकडे टाकावं, असं मंडळाच्या पोरांचं मत होतं. त्यात फक्त मधली ओढाताण दिसत होती, सुरुवात नव्हती. असं तुकडा चित्रीकरण पसरलं की पोलीस त्याच तुकड्यावर आपली गोष्ट रचतात, आणि सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो कॉलर धरलेला हात. आम्ही ते बाहेर काढलं नाही. मूळ फोन मात्र तसाच बंद करून ठेवायला सांगितला. दुसऱ्या फोनवर पाठवलेली प्रत म्हणजे पातळ झालेला पुरावा.

दुसरा मार्ग हवालदारावर गुन्हा दाखल करून घेण्याचा. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, तिथेही नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली न्यायदंडाधिकारी. नव्या संहितेत लोकसेवकाविरुद्धच्या तक्रारीसाठी वेगळं पोटकलम आलं आहे: आदेश देण्याआधी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल आणि त्या लोकसेवकाचं म्हणणं बघायचं. पुढे लोकसेवकावर खटला चालवायला सरकारी मंजुरीचा अडसर आहेच, फक्त आता कलम २१८ मध्ये १२० दिवसांची मर्यादा घातली आहे. त्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं.

तिसरा, पोलीस तक्रार प्राधिकरण. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निवाड्यातून आलेली ही व्यवस्था महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात घेतली. गंभीर दुखापत तिच्या कक्षेत येते आणि हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येतच गंभीर दुखापत आहे. चौथा, राज्य मानवी हक्क आयोग. तिथे घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं. पाचवा, थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका.

यातला कुठलाही मार्ग चित्रीकरणाशिवाय लंगडा होता, आणि कुठल्याही मार्गाने पहिली सुनावणी व्हायला महिना सहज लागला असता. म्हणून आधी कुठे जायचं हा प्रश्न बाजूला ठेवला आणि फक्त चित्रीकरण वाचवायचं ठरवलं. कारवाई मागायची की नाही, हे वडील आणि मुलगा नंतर ठरवतील. वडिलांना हे पटलं, कारण यात कोणावर आरोप नव्हता. जे आहे ते पुसू नका, एवढीच मागणी होती.

काय केलं

घटनेच्या आठवड्याभरात एक अर्ज गेला. ठाण्याचे निरीक्षक, उपविभागीय पोलीस अधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि जिल्हा देखरेख समितीचे सदस्य म्हणून जिल्हाधिकारी, अशा चौघांना. जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज देण्याचं कारण सीसीटीव्ही: मुलगा दोन तास ठाण्यात होता आणि त्याची तिथली हालचाल, सुजलेला हात, पाणी मागणं, सगळं त्या कॅमेऱ्यात असणार. अर्जात हवालदाराचं नाव मुद्दाम टाकलं नाही. त्याऐवजी त्या रात्री चौकाच्या बंदोबस्तासाठी वाटलेले सगळे कॅमेरे आणि वाटपाची नोंदवही मागितली. नाव टाकलं असतं तर उत्तर एकाच कॅमेऱ्यापुरतं आलं असतं, आणि तो तर तुटलेला.

उत्तर आलं: 'नमूद वेळेचे चित्रीकरण आढळून येत नाही.'

इथे दोन रस्ते होते. पोलीस खोटं बोलतात म्हणून ओरड करायची, किंवा यांनी शोधलं कसं ते विचारायचं. आम्ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, कागद आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी हजर करण्याचा. मागणी वेळेची नव्हती. त्या दिवशी त्या कॅमेऱ्यांतून उतरलेल्या सगळ्या फाईलींची होती. न्यायालयाने नोटीस काढली. ती हातात पडल्यावर उपविभागीय अधिकाऱ्याने एक चांगली गोष्ट केली, आणि ती नोंदवलीच पाहिजे. त्याने ठाण्याला कळवून वाट बघितली नाही. स्वतः येऊन संगणकावरचा त्या दिवसाचा सगळा साठा वेगळ्या डिस्कवर घेतला आणि पंचनामा केला. तीस दिवस भरायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

चित्रीकरण होतं. कॅमेऱ्यांचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलंच नव्हतं. ते ग्रीनिचच्या वेळेवर चाललं होतं, म्हणजे साडेपाच तास मागे. रात्री ११ वाजून ५३ मिनिटांची घटना फाईलवर संध्याकाळी ६ वाजून २३ मिनिटांची दिसत होती. ज्याने शोधलं त्याने रात्रीच्या फाईली उघडल्या, काही नाही म्हणून लिहून दिलं. लबाडी नव्हती. पण लबाडी नसतानाही पुरावा तीस दिवसांनी तितकाच गेला असता.

प्रत मिळाली ती आधी नुसत्या पेनड्राईव्हवर. ती आम्ही प्रमाणपत्राशिवाय घेतली नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निवाडा जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरूनच आला आहे: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. वादही उमेदवारी अर्ज भरण्याच्या वेळच्या चित्रीकरणाचा होता. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचे दोन भाग असतात आणि त्यात फाईलची हॅश किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलीतून गणिताने काढलेला आकडा. एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो. तालुक्याच्या न्यायालयात हे मागितलं की अजूनही लोक वकिलाकडे विचित्र नजरेने बघतात. बघू द्यावं.

चित्रीकरणात काय दिसलं

हवालदाराच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात जवळजवळ काहीच नाही. डीजेच्या आवाजाने बोलणं बुडालेलं, समोर पाठी आणि खांदे, मग एक हात भिंगाच्या दिशेने येतो, चित्र गरगरतं आणि जमीन दिसते. छातीवरचा कॅमेरा ज्याच्या अंगावर असतो त्याचे हात दाखवत नाही. डोक्यावर उचललेली लाठी त्याच्या चौकटीबाहेर राहते. समोरच्याचा प्रत्येक हावभाव मात्र जवळून, अंगावर आल्यासारखा दिसतो. अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असं दिसलं आहे की तीच घटना गाडीवरच्या कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यांपेक्षा अंगावरच्या कॅमेऱ्यातून पाहणारे लोक पोलिसाला कमी दोष देतात. हे एकच चित्रीकरण न्यायालयापुढे आलं असतं तर मुलगा बुडाला होता.

तिसऱ्या, म्हणजे उपनिरीक्षकाच्या, कॅमेऱ्याची बॅटरी साडेनऊलाच संपलेली होती.

दुसरा कॅमेरा एका महिला अंमलदाराचा. ती चौकाच्या दुसऱ्या टोकाला दोर धरून उभी होती. गोंधळ ऐकून तिने बटण दाबलं तेव्हा मुलाला आधीच खाली पाडलेलं होतं. पण अशा अनेक कॅमेऱ्यांमध्ये एक सोय असते: यंत्र सुरू असताना ते सतत मागची थोडी सेकंदं, बहुधा तीस, आवाजाशिवाय धरून ठेवतं आणि बटण दाबलं की ती फाईलीच्या सुरुवातीला जोडतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये एका पोलिसाने अमली पदार्थाची पुडी आधी स्वतः ठेवून मग 'सापडल्याचं' चित्रीकरण केलं, आणि नेमक्या याच मागच्या तीस सेकंदांनी तो पकडला गेला. आमच्या ठाण्यात ही सोय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, त्या अंमलदारालाही नाही.

त्या मुक्या तीस सेकंदांत हे दिसतं. ट्रॉलीमागून पाण्याची बाटली येते आणि हवालदाराच्या खांद्यावर आपटते. फेकणारा दिसत नाही, पण तरुण नव्हे. तो तेव्हा जनरेटरकडे पाठमोरा आहे. हवालदार वळतो, समोर सगळ्यात जवळ हाच सापडतो. लाठी उचलली जाते, तरुण उजवा हात डोक्यावर घेतो, फटका हातावर. दुसरा फटका पाठीवर. त्यानंतर तरुण डाव्या हाताने हवालदाराची कॉलर धरतो. उजवा हात तोवर लोंबत असतो.

दोघांच्या जबाबातलं थोडं-थोडं खरं निघालं. बाटली आली होती. कॉलर धरली होती. क्रम मात्र फिर्यादीत उलटा होता. आणि आवाज नसल्यामुळे हवालदाराने आधी इशारा दिला होता की नाही, हे आजही सांगता येत नाही.

निकाल

मुलावरच्या गुन्ह्यात पोलिसांनी 'क' समरी पाठवली, म्हणजे गुन्हा खराही नाही, खोटाही नाही, गैरसमजातून नोंदला गेला. आमच्या मते 'ब' समरी, म्हणजे जाणूनबुजून खोटी फिर्याद, हे जास्त खरं होतं. ते ताणलं नाही. ताणलं असतं तर समरी वर्षभर रेंगाळली असती आणि वडिलांना हवा होता तो कागद मिळाला नसता. न्यायालयाने 'क' समरी स्वीकारली. भरतीच्या अर्जात मात्र असा गुन्हा कधी नोंद झाला होता हे लिहावंच लागतं. लपवलं तर तेच अपात्रतेचं कारण होतं. त्या वर्षीची मैदानी चाचणी तर गेलीच: प्लास्टरमधल्या हाताने गोळाफेक होत नाही.

हवालदाराची प्राथमिक चौकशी झाली. त्याची मुख्यालयात बदली झाली आणि एक वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. बाटलीचा फटका, सलग अठरा तासांची ड्युटी आणि आधीचा स्वच्छ सेवापट या गोष्टी त्याच्या बाजूने धरल्या गेल्या. मला त्यात गैर वाटत नाही. त्याच्या अंगावर आलेली बाटलीही त्याच चित्रीकरणाने सिद्ध केली. नाहीतर तीही 'पोलिसांची बनवाबनवी' ठरली असती. गैर वाटतं ते हे, की पहाटे सहापासून उभं ठेवणाऱ्या बंदोबस्ताच्या नियोजनाबद्दल चौकशी अहवालात एक वाक्य नाही.

फौजदारी कारवाईवर घरातच दुमत झालं. वडिलांना इथेच थांबायचं होतं. मुलगा म्हणाला, उद्या मी वर्दी घातली तर मला हे आठवायला पाहिजे. त्याने कलम १७५ खालचा अर्ज केला. वरिष्ठांचा अहवाल मागवला गेला आहे. प्रकरण तिथे आहे.

वेगळं काय करता आलं असतं

कॅमेरे वाढवा, ही मागणी आपल्याकडे पटकन होते. जगातला अनुभव इतका सरळ नाही. कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या छोट्या शहरात २०१२-१३ मध्ये कॅमेरे दिल्यावर बळाचा वापर निम्म्याहून कमी झाला आणि तक्रारी जवळजवळ संपल्या. जगभर कॅमेरे विकले गेले ते या आकड्यांवर. मग २०१७ मध्ये वॉशिंग्टन शहराचा अभ्यास आला, २,२२४ पोलिसांचा. तिथे कॅमेरे असलेले आणि नसलेले यांत फरक सापडला नाही. या दोन्हींच्या मधला दुवा मला केंब्रिजच्या संशोधकांच्या २०१६ च्या अभ्यासात दिसतो. कॅमेरा सुरू करण्याचा नियम पोलिसांनी पाळला तिथे बळाचा वापर ३७ टक्क्यांनी घटला. आपल्या मर्जीने चालू-बंद केला तिथे ७१ टक्क्यांनी वाढला. बटण कोणाच्या हातात आहे, यावर एवढा फरक. आमच्या चौकात ते मर्जीवर होतं. बंदोबस्ताचा आदेश निघतानाच मिरवणूक चौकात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत सगळे कॅमेरे चालू, असं लिहिलं असतं तर तीस मुक्या सेकंदांवर विसंबावं लागलं नसतं, आणि इशारा दिला होता की नाही हेही ऐकू आलं असतं. उपनिरीक्षकाची बॅटरी संपली तेव्हा ठाणे जेमतेम एक फर्लांगावर होतं.

पुसण्याचं काम त्याच ठाण्याच्या संगणकाकडे असू नये. ज्या रात्री लाठी चालली, कोणाला मार लागला किंवा कलम १३२ चा गुन्हा दाखल झाला, त्या रात्रीच्या सगळ्या फाईलींवर 'पुसू नये' ही खूण आपोआप लागली पाहिजे आणि ती काढण्याचा अधिकार ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे हवा. सीसीटीव्हीला १८ महिने आणि अंगावरच्या कॅमेऱ्याला तीस दिवस, याला काही तर्क नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने मुलाला एक प्रश्न विचारला असता, पोलिसाला बाहेर उभं करून, तर पहिला कागद वेगळा झाला असता. अटकेतल्या माणसाची तपासणी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली डॉक्टरने करायची असते आणि अंगावरच्या जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्या साधारण कधी झाल्या हे लिहायचं असतं. 'पडल्याने मार' हे निदान नव्हे. तो सोबत आलेल्याने सांगितलेला इतिहास. तो तसाच, कोणी सांगितला त्याच्या उल्लेखासह, लिहिला तरी पुरे.

सगळ्यात जास्त किंमत मोजली ती त्या महिला अंमलदाराने, आणि तिचा यात काहीच दोष नव्हता. तिने फक्त बटण दाबलं. पण पंचनाम्यात तिच्या कॅमेऱ्याचा क्रमांक आणि बक्कल नंबर आला, आणि 'आपल्याच माणसाविरुद्ध पुरावा दिला' हे ठाण्यात तिला ऐकावं लागलं. कोणी लेखी काही केलं नाही; ड्युटीचा तक्ता मात्र बोलत होता. न्यायालयाला फाईल हवी असते, ती कोणाच्या छातीवरची हे पहिल्या टप्प्यात बंद लिफाफ्यात देता येतं. आम्हाला ते सुचलं तेव्हा नाव ठाणेभर झालं होतं. पुढच्या अशा प्रकरणात ही विनंती पहिल्याच अर्जात असावी.

अर्जातला मजकूर

इतर तालुक्यांतल्या सहकाऱ्यांनी मागितला म्हणून नेमके शब्द देतो. तारखा आणि ठिकाण आपापलं घालावं.

'दि. … रोजी … येथील बंदोबस्तासाठी वाटप केलेल्या सर्व शरीरस्थित कॅमेऱ्यांचे त्या पूर्ण दिवसाचे मूळ चित्रीकरण, फाईलवर दिसणारी वेळ काहीही असली तरी, बटण दाबण्यापूर्वी साठवलेल्या सेकंदांसह जतन करावे. कॅमेरा वाटप नोंदवही, संगणकावर उतरवल्याची व पुसल्याची यांत्रिक नोंद, आणि त्या रात्री १० ते दुसऱ्या दिवशी सकाळी १० पर्यंतचे ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण आवाजासह जतन करावे. आपोआप पुसले जाण्याची मुदत किती दिवसांची आहे व ती कोणत्या तारखेस संपते ते लेखी कळवावे. प्रत देताना भारतीय साक्ष्य अधिनियम कलम ६३ चे प्रमाणपत्र हॅश किमतीसह द्यावे. कॅमेरा धारण करणाऱ्या कर्मचाऱ्यांची ओळख बंद लिफाफ्यात ठेवावी.'

पोच घेताना शिक्का आणि वेळ दोन्ही घ्यावेत. ठाण्यात पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी, आणि अधीक्षक कार्यालयाच्या आवक विभागात प्रत हाती द्यावी. तिथे आवक क्रमांक सहसा लगेच मिळतो.